मदत हवी आहे: अळंबीच्या बीजाणूंचा ठसा पांढरा की हिरवट?

पालापाचोळ्यात उगवलेली मोठी पांढरी अळंबी ओळखायची आहे. खायची अजिबात नाही, फक्त नोंदीसाठी. टोपीवर तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारं कडं; बुंधा उकरून पाहिला, त्याभोवती पिशवीसारखं आवरण नाही. देठात बारीक पांढऱ्या अळ्या आहेत, पण त्यावरून ती बिनविषारी ठरत नाही, हे माहीत आहे.

टोपीतून झडणाऱ्या बीजाणूंचा (अळंबीच्या बियांसारख्या बारीक कणांचा) ठसा मिळावा म्हणून टोपी रात्रभर काचेवर झाकून ठेवली. ठसा फारच विरळ आला. खाली काळा कागद धरला की पांढरा वाटतो, पांढरा धरला की हिरवट. हिरवा असेल तर क्लोरोफायलम मॉलिब्डाइटीस या विषारी अळंबीची शक्यता बळावते, म्हणून इथेच अडलंय. सूक्ष्मदर्शक जवळ नाही.

टोपी कोवळी असल्यामुळे ठसा विरळ येतो का? आणि आहे एवढ्या ठशावरून रंग खात्रीने कसा ठरवायचा?