जुन्या डेस्कटॉपमध्ये नक्की कोणते पार्ट आहेत, हे कसं तपासायचं?

प्रश्न
नमस्कार. वापरलेला असेंबल्ड डेस्कटॉप घेतला आहे, बिल किंवा बॉक्स काहीच नाही. विकणाऱ्याने आय७, १६ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क आणि ४ जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड असं सांगितलं. विंडोज १० मध्ये प्रोसेसर आय७-२६०० दिसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’वर पिवळं चिन्ह आहे. रॅम वाढवायची आहे, एसएसडी टाकायची आहे. आधी काय तपासू?

उत्तर १
नुसत्या ‘आय७’ला अर्थ नाही, पुढचा आकडा बघायचा. २६०० म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची. सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) एलजीए ११५५, रॅम डीडीआर३. डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही. जोर लावू नका.

सीपीयू-झेड हे पार्ट ओळखणारं सॉफ्टवेअर टाका. मेनबोर्ड टॅबवर बोर्डाचं मॉडेल आणि चिपसेट (बोर्डाची मुख्य चिप) मिळेल, आणि पुढचं सगळं त्या चिपसेटवर ठरतं. एच६१ असेल तर रॅमचे दोनच स्लॉट, कमाल १६ जीबी, आणि सगळे साटा पोर्ट (हार्ड डिस्क, एसएसडी जोडायचे) ३ गिगाबिटचे. एच६७ असेल तर चार स्लॉटचा बोर्ड असू शकतो आणि दोन पोर्ट ६ गिगाबिटचे मिळतात. एसएसडी त्यांतल्याच एकाला लावा.

कुठल्या स्लॉटमध्ये किती रॅम आहे ते एसपीडी टॅबवर दिसतं. मेमरी टॅबवर ६६५ मेगाहर्ट्झ दिसलं तर घाबरू नका, त्याची दुप्पट म्हणजे १३३३. एसपीडी रिकामं आलं तर केबल काढा, पॉवर बटण दाबून उरलेली वीज घालवा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मगच रॅमची पट्टी काढून लेबल वाचा. ‘पीसी३-१०६००’नंतर ‘यू’ हवा. ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची रॅम, या बोर्डावर चालणार नाही.

उत्तर २
मला शंका आहे ती कार्डाची. जुन्या चिपवर बदललेला बायोस (कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर) चढवून १०५० टीआय म्हणून कार्डं विकली जातात, आणि विंडोज तेच खोटं नाव दाखवतं. कार्ड तपासणाऱ्या जीपीयू-झेड सॉफ्टवेअरमध्ये चिप जीपी१०७ आणि शेडर्स (चिपमधली गणना करणारी युनिट्स) ७६८ यायला हवेत. मागे निळा व्हीजीए पोर्ट असेल तर विषयच संपला, कारण १०५० टीआय ज्या पास्कल पिढीची आहे, तिच्या चिपमध्ये व्हीजीएला लागणारं ॲनालॉग आउटपुट नाहीच.

प्रश्नकर्ता
चिपसेट एच६७, ४ जीबीच्या चार पट्ट्या. जीपीयू-झेडमध्ये नावाआधी ‘फेक’ लिहिलंय, चिप जीएफ११६, शेडर्स १९२. व्हीजीए पोर्ट आहे. पिवळ्या चिन्हाच्या हार्डवेअर आयडीत ८०८६ आणि १सी३ए आहे.

उत्तर २
मग ते फर्मी पिढीचं जुनं कार्ड आहे. ४ जीबीचा आकडाही त्याच बायोसमधला. खऱ्या मेमरीपलीकडे वापर गेला की गेम बंद पडतो किंवा स्क्रीन काळी होते. कार्ड काढा, मॉनिटर बोर्डाच्या पोर्टला लावा. २६०० मध्ये एचडी २००० ग्राफिक्स आहे आणि एच६७ वर ते चालतं. विकणाऱ्याला जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट पाठवून पैसे परत मागा.

उत्तर १
८०८६ म्हणजे इंटेल आणि १सी३ए हा मॅनेजमेंट इंजिनचा कंट्रोलर. बोर्डाच्या कंपनीच्या पानावरून त्याचा एमईआय ड्रायव्हर टाका, पिवळं चिन्ह जाईल. स्लॉट भरलेले आहेत, त्यामुळे रॅम वाढवताना दोन पट्ट्या काढून ८ जीबीची जोडी घाला, दोन्ही चॅनेलना (प्रोसेसरकडे जाणाऱ्या रॅमच्या दोन वाटांना) एकेक.

जुन्या हार्ड डिस्कवर काही ठेवण्याआधी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा. ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टर दाखवणाऱ्या तिन्ही ओळींचे रॉ आकडे शून्य हवेत (ते हेक्समध्ये असतात, सेटिंगमधून दशमान करता येतात). सी५ वाढत असेल तर त्याच दिवशी डेटा हलवा.

पॉवर सप्लाय मात्र कुठलंच सॉफ्टवेअर ओळखत नाही. लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेतले अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. १६ अँपिअर असतील तर हाती १९२ वॉट, वर मोठ्या अक्षरात ४५० छापलेलं असलं तरी. नवं कार्ड त्या आकड्यावर निवडा.