मदत हवी आहे: लिफ्टचा नियम रद्द करण्याचा ठराव कसा लिहावा?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. आमच्या सोसायटीत घरकामाच्या ताई आणि डिलिव्हरीवाल्यांना फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरता येते. ती बंद असली की साठीच्या मावशी अकरा मजले जिना चढून येतात आणि शेजारची लिफ्ट रिकामी वर-खाली करत असते. मला हे बघवत नाही. सामानासाठी वेगळी लिफ्ट समजू शकते, माणसांसाठी नाही.

वार्षिक सभेत हा नियम रद्द करायचा ठराव मांडायचाय. ‘सुरक्षितता’ हे कारण पुढे येणार हे नक्की. पण गेटवर नोंद तर होतेच ना!

माझा मुद्दा दयेचा नाही. संविधानाच्या उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ आहे. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पहिलंच कलम सांगतं की सगळी माणसं जन्मतः प्रतिष्ठेने समान आहेत. ती कामावरून ठरत नाही. पण हे भाषण न वाटता ठरावात कसं आणू?

ठाणे-नवी मुंबईत कुणाच्या सोसायटीने असा नियम काढलाय का? मसुदा असेल तर कृपया पाठवा. मावशींचं म्हणणं नाव न घेता सभेत वाचलं, तरी त्यांच्या कामावर गदा येईल का? मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे.