टीएफ टूमध्ये मेडिक कोणी घ्यायचा यावरून रोज भांडण, क्लास लिमिट लावू का?

राजेंद्रनगर_रॉकेट

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरची मराठी पोरं (आणि दोन-तीन काका, नावं घेत नाही) रात्री जेवणं आटपली की टीम फोर्ट्रेस टू (टीएफ टू, दोन टीमच्या गोळीबाराचा गेम) खेळतो, ग्रुपमधल्याच एकाने मुंबईचा सर्वर भाड्याने घेतलाय त्यामुळे पिंगचं रडगाणं नाही. रडगाणं वेगळंच आहे. गेममध्ये क्लास (म्हणजे खेळाडूने घ्यायची भूमिका) नऊ आणि आमच्या टीममध्ये दिसतात तीन-चार.

परवा बॅडवॉटर मॅपवर आम्ही अटॅकला, टीममध्ये तीन स्नायपर, एक स्पाय, एक इंजिनियर जो स्पॉनच्या (मेल्यावर परत जिथून सुरू होतो त्या जागेच्या) दाराशीच डिस्पेन्सर (हेल्थ आणि गोळ्या देणारं मशीन) लावून बसलाय, आणि सोल्जर मी. बॉम्बची गाडी ढकलायला मी एकटा. वळणावर समोरच्यांची लेव्हल तीनची सेंट्री (इंजिनियरने लावलेली, आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक), मी कोपऱ्यातून रॉकेट मारतोय, त्यांचा इंजिनियर मागे बसून पान्याने ठोकून ठोकून ती परत भरतोय, मी मरतोय, परत चालत येतोय, परत मरतोय. मायकवर म्हटलं अरे कोणीतरी मेडिक (जखमींना बरं करणारा क्लास) घ्या यार, तर तिन्ही स्नायपर एका सुरात, "तू घे ना भिया".

तर प्रश्न असा की हा गेमच्या बॅलन्सचा दोष आहे का, म्हणजे मेडिक इतका बोर बनवलाय की कोणी घेणारच नाही? आणि सर्वरवर टूर्नामेंट मोड लावून क्लास लिमिट टाकलं, स्नायपर एक, स्पाय एक, तर बरं पडेल का? एकाने आधीच धमकी दिलीय की लिमिट लावलं तर मी येणार नाही, आणि सर्वरचे पैसे तोच भरतो 😅

पलासिया_पायरो

मी २०११ पासून खेळतोय, जूनमध्ये गेम फुकट झाला तेव्हापासून, म्हणजे तुमच्या त्या "काका" लोकांतलाच एक समज. पहिलं हे डोक्यातून काढ की बॅलन्स म्हणजे नऊच्या नऊ क्लास सारख्या ताकदीचे पाहिजेत. २००७ ला गेम आला तेव्हापासून ते सारखे नव्हतेच, आणि तसे करायचेही नव्हते. हेवीला ३०० हेल्थ पण चालतो बैलगाडीसारखा, स्काउटला १२५ पण सगळ्यात वेगवान, हवेत दुसरी उडी मारतो आणि पॉइंटवर (ताब्यात घ्यायच्या जागेवर) उभा राहिला तर दोन माणसांइतका मोजला जातो. आता या दोघांत भारी कोण? मॅप सांग मग सांगतो. उघड्या मैदानात स्काउट हेवीला नाचवतो, बोगद्यात समोर आला की दोन सेकंदात संपला.

सहा विरुद्ध सहाच्या स्पर्धा बघ, तिथे टीम जवळजवळ ठरलेली असते, दोन स्काउट, दोन सोल्जर, एक डेमो, एक मेडिक. बाकीचे पाच क्लास गरजेपुरते, शेवटचा पॉइंट वाचवायला हेवी किंवा इंजिनियर आणायचा, कोंडी फोडायला स्नायपर नाहीतर स्पाय. माझा पायरो तर तिथे क्वचितच दिसतो, वाईट वाटतं पण ठीक आहे. आणि गंमत बघ, तिथे मेडिकवर लिमिट असतं, टीमला एकच, कारण दोन चालू दिले तर उबरमागून उबर (मेडिक भरून देतो ती काही सेकंदांची अभेद्यता) आणि समोरच्याने करायचं काय. तिकडे दुसरा घेऊ देत नाहीत म्हणून नियम आणि इकडे आपण पहिल्यासाठी पाया पडतोय.

तुला प्रत्येक क्लासला जागा पाहिजे असेल तर हायलँडर आहे की, नऊ विरुद्ध नऊ, प्रत्येक क्लास बरोब्बर एक. पण त्याला अठरा माणसं लागतात, आणि आपली तर आयपीएल नसेल त्या दिवशीही जमत नाहीत.

मेडिकताई

मेडिक बोर आहे हे कोण म्हणालं रे? मी ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त मेडिक खेळते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेडिक कमजोर नाहीये, उलट अख्ख्या गेममधला सगळ्यात जोरदार क्लास तोच आहे. दीडपट हेल्थ देता येते, म्हणजे तुझा २०० चा सोल्जर ३०० चा होतो आणि ३०० चा हेवी ४५० चा. जखमी माणसाला हील करत राहिलं तर साधारण ४० सेकंदात उबर भरते, पण त्याची हेल्थ आधीच दीडपट फुगलेली असेल तर याच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणूनच शहाणे सोल्जर मॅच सुरू व्हायच्या आधी जमिनीवर रॉकेट मारून स्वतःला भाजून घेतात, मेडिकची उबर लवकर भरावी म्हणून. आपल्याकडे हे कोणी करतं? नाही, आपल्याकडे तेवढ्या वेळात भिंतींवर स्प्रे मारायची स्पर्धा चालते.

आणि तुझी ती वळणावरची सेंट्री, लेव्हल तीनची हेल्थ २१६. उबर म्हणजे आठ सेकंद तुला कोणी काही करू शकत नाही. आठ सेकंदात चार रॉकेट आरामात जातात, इंजिनियर कितीही ठोकत बसला तरी. तू एकट्याने जितक्या वेळा मेलास तेवढ्या वेळात मेडिक असता तर ते वळण दोनदा पार झालं असतं.

मग कोणी घेत का नाही? कारण मजा दुसऱ्याच्या स्क्रीनवर दिसते. सेंट्री फुटली की वर उजव्या कोपऱ्यात पहिलं नाव तुझं, माझं अधिकचं चिन्ह लावून मागे. मी सगळा वेळ तुझ्या पाठीकडे बघत असते, मध्येच मागे वळून बघायचं स्पाय आलाय का, आपल्याच माणसाकडे संशयाने बघायचं, तेवढ्यात डावीकडून चारजण ई दाबून "मेडिक! मेडिक!" कोकलतात, त्यातल्या दोघांची हेल्थ पूर्ण भरलेली. नव्वद टक्के उबर झालेली असते आणि तू हौसेने एकटाच पुढे उडी मारतोस, माझ्यासमोर त्यांचा डेमो, मी मेले, उबर शून्य. आणि मायकवर पहिलं वाक्य काय, "मेडिक कुठे मेला?" अरे मेला नाही, मारलात तुम्ही.

गणपतीत मंडळाच्या स्टेजवर नाचायला पन्नास पोरं असतात आणि दुसऱ्या दिवशी सतरंज्या झटकायला कोणी नसतं, तसंच आहे हे. लिमिट लावून स्नायपर कमी होतील, मेडिक वाढणार नाही. ते तीन स्नायपर उद्या तीन स्काउट होऊन गाडी सोडून पळत सुटतील बघ.

अजून एक. बाहेरच्या कॅज्युअल सर्वरवर मी मायक बंदच ठेवते. बाईचा आवाज ऐकला की एकतर चिडवणं सुरू नाहीतर "तू मेडिकच असशील ना" हे ठरलेलं. हो, आहे मेडिक, पण तू सांगतोस म्हणून नाही. आपल्या ग्रुपमध्ये तो प्रकार नाही म्हणून तर मी इथे खेळते, बाकी शिव्या द्यायला तुम्ही एकमेकांना पुरून उरता.

गराडू_स्नायपर

त्या तिघांतला एक मी 🙋 बाजू मांडायचा हक्क आहे की नाही?

दिवसभर ऑफिसात टीमवर्कच करतो भिया, सकाळी मीटिंग, दुपारी मीटिंग, रात्री तासभर तरी मला कोणाची वाट बघायची नाहीये. स्कोप लावायचा, डोकं दिसलं की दाबायचं, कोणाला उत्तर द्यायचं नाही. आणि स्नायपर काही बिनकामाचा नाही. साधा हेडशॉट १५०, म्हणजे ताईंसारखा १५० वाला मेडिक जागच्या जागी. पूर्ण चार्ज केला तर ४५०, म्हणजे ताईंनी मेहनतीने ४५० पर्यंत फुगवलेला हेवी एका गोळीत. समोरचा मेडिक मी नव्वद टक्क्यावर पाडला तर ती पण टीमचीच सेवा झाली ना?

बाकी २०२२ ला ते सेव्ह टीएफ टू चं आंदोलन झालं, २०२४ ला परत फिक्स टीएफ टू, ते ज्या बॉट्सच्या (प्रोग्रामने आपोआप खेळणाऱ्या खोट्या खेळाडूंच्या) त्रासाने, त्यातले बहुतेक स्नायपरच होते, स्पॉनमधून बाहेर पडलं की डोकं गायब. तेव्हापासून लोकांचा आमच्या क्लासवर राग आहे, चांगला निशाणा लागला की पहिला आरोप बॉट आहे म्हणून. माझा निशाणा बघितलाय कोणी? बॉट असतो तर लागला असता 😂

मेडिकताई

@गराडू_स्नायपर मेडिक पाडलास तर मी स्वतः टाळ्या वाजवीन. पण परवा तू पूर्ण राउंडभर त्यांच्या स्नायपरशी खिडकी ते खिडकी भांडत होतास, गाडी खाली आणि तुम्ही दोघं वर. तुमचं वेगळंच मॅच चाललं होतं.

पलासिया_पायरो

हे मात्र स्नायपरचं खरं दुखणं आहे, आणि इथे मी गेमलाही दोष देतो. बाकी कोणत्याही क्लासशी लढायला जवळ जावं लागतं, जवळ गेलं की तोही धोक्यात येतो. स्नायपर लांबून मारतो आणि त्याला उत्तर काय तर दुसरा स्नायपर नाहीतर स्पाय. म्हणून एका टीमने दोन घेतले की दुसरी पण दोन घेते.

पण लिमिटचं म्हणशील तर ओव्हरवॉच नावाच्या अशाच गेमवाल्यांनी २०१९ ला तेच केलं, दोन टँक (मार झेलणारे), दोन डॅमेज (मारणारे), दोन सपोर्ट (बरं करणारे), कुलूप लावून टाकलं. टीम नीट बनायला लागली पण सगळ्यांना डॅमेजच खेळायचं, मग ते बसले रांगेत. २०२२ ला दुसरा भाग आला तेव्हा टँकच दोनाचा एक केला, कारण तो घ्यायलाही माणसं मिळेनात. एवढी मोठी कंपनी करून बसली, आपण कोण.

आणि टीएफ टू ची खरी मजा तर ढिलाईत आहे. समोरचा हेवी बंदूक बाजूला ठेवून सँडविच फेकतो, आपण खातो, दोन मिनिटं दोन्ही टीम नाचतात, मग कोणीतरी नवीन येऊन सगळ्यांना मारतो. कडक लिमिट लावलं की ते जातं. आपल्याला कुठे कप जिंकायचाय.

राजेंद्रनगर_रॉकेट

वाचलं सगळ्यांचं. सर्वरच्या मालकांशीही बोललो, ते म्हणाले लिमिट नको पण पाळी चालेल. तर असं ठरवू, मेडिक दर राउंडला बदलणार, नावाच्या क्रमाने, ताईंना पहिले दोन राउंड सुट्टी. जो मेडिक असेल त्याचा एक पॉकेट (मेडिक ज्याच्या मागे राहतो तो) ठरलेला, त्याने मेडिकला सोडून पुढे उडी मारायची नाही (हो ताई, कळलं कोणासाठी आहे). आणि "मेडिक कुठे मेला" हे वाक्य जो बोलेल त्याने सराफ्याच्या खाऊगल्लीत सगळ्यांना गराडू (तळलेला कंद) खिलवायचा.

स्नायपर दोनपर्यंत, पण एकाने तरी गाडीवर नजर ठेवायची.

शनिवारी साडेदहा. क्रमाने पहिला नंबर @गराडू_स्नायपर चा लागतोय.

गराडू_स्नायपर

शनिवारी माझ्याकडे लाइट जाणार आहे असं वाटतंय.

मेडिकताई

माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, लॅपटॉप घेऊन ये. आणि बोनसॉ लाव, सिरिंज गनने मारामारी करत बसू नकोस.

गराडू_स्नायपर

बोनसॉ म्हणजे काय ते आधी सांगा ताई

मेडिकताई

करवत. जवळ आलेल्याला मारायची, तीपण पळता येत नसेल तरच. तुझं काम पळणं. तुझ्या त्या ऑफिसच्या मीटिंगमधून पळतोस तसं.