एफवायच्या मुलीला डिस्लेक्सिया + एडीएचडी, कॉलेजात सवलत कशी मिळवायची?

पुणेकर_आई: मुलगी यंदा एफवाय बीकॉमला आहे. डिस्लेक्सियामुळे वाचायला-लिहायला अडतं, एडीएचडीमुळे लक्ष टिकत नाही. दहावी-बारावीला बोर्डाने रायटर (ती सांगेल ते पेपरात लिहून देणारा) आणि जादा वेळ दिला म्हणून निभावलं, आता कॉलेजच्या ऑफिसात म्हणतात शाळेच्या वेळचं सर्टिफिकेट चालणार नाही. आणि वर्गात फळ्यावरचं उतरवून घेईपर्यंत सरांचं बोलणं पुढे गेलेलं असतं, घरी येऊन वही बघितली तर सगळी अर्धी वाक्यं. रोज रडते हो. कुणाला अनुभव आहे का?

डोंबिवलीकर: ताई, आमच्या मुलाचं सर्टिफिकेट मुंबईत सायन हॉस्पिटलच्या एलडी (लर्निंग डिसेबिलिटी) क्लिनिकमधून झालं. सरकारी नियमात ८, १४ आणि १८ व्या वर्षी तपासणी आहे, १८ नंतरचं सर्टिफिकेट मात्र कायमचं. त्यामुळे तिला १८ पूर्ण झाली असतील तर आधी सरकारी हॉस्पिटल गाठा, नंबर लागायला वेळ लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत लर्निंग डिसेबिलिटी आहे (डिस्लेक्सिया त्यातच येतो) पण एडीएचडी वेगळं नाही, म्हणून डिस्लेक्सियाचा उल्लेख स्पष्ट हवा.

अकाउंट्सच्या_मॅडम: मी कॉलेजात शिकवते. अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या, तोंडी बोलण्याचं पुढे काहीच होत नाही. तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे ३ तासांच्या पेपरला पूर्ण १ तास. अपंगत्व ४०% नाही म्हणून रायटर नाही असं कुणी म्हणालं तर सुप्रीम कोर्टाचा २०२१ चा विकाश कुमार निकाल दाखवा, लिहिता येत नसल्याचं सरकारी डॉक्टरांचं पत्र मात्र लागेल. आणि रायटरबरोबर सराव करूच द्या, कारण बॅलन्स शीट तोंडी सांगणं फार अवघड आहे, आकडा कुठल्या बाजूला, कुठल्या रकान्यात हे सांगताना हुशार मुलंही अडखळतात.

थर्ड_इयर: मला पण एडीएचडी आहे. सरांना विचारून लेक्चर रेकॉर्ड करायला सांगा तिला, मग वर्गात फक्त ऐकायचं, लिहायचं नंतर. मी एकटा बसलो की अभ्यास होतच नाही, मित्र शेजारी त्याचं त्याचं वाचत बसला की होतो. आणि काकू, सरांशी तिलाच बोलू द्या, तुम्ही हवं तर सोबत जा, तिला नेमकं कुठे अडतं ते तिच्याइतकं कुणालाच सांगता येणार नाही.

पुणेकर_आई: तिला १८ वर्षं मार्चमध्येच पूर्ण झाली. उद्याच ससून हॉस्पिटलला चौकशी करते. मॅडम, रायटर आम्ही शोधायचा की कॉलेज देतं?

अकाउंट्सच्या_मॅडम: दोन्ही चालतं. स्वतःचा नेलात तर तो तिच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला हवा.