शब्दचर्चा : ‘लोकसहभाग’, ‘समान संधी’ आणि राज्य शासनातले ‘लीडर्स’

प्रश्न :
एका शासकीय कार्यशाळेच्या पत्रिकेचं मराठी करून द्यायचं आहे. कम्युनिटी एंगेजमेंट आणि इक्वल ऑपॉर्च्युनिटी या विषयांत काम करणारे राज्य शासनातले ‘लीडर्स’ तिथे बोलणार आहेत. मी ‘सामुदायिक सहभाग व समान संधी क्षेत्रातील राज्य सरकारचे नेते’ असं लिहिलंय. खटकतंय, पण नेमकं कुठे ते कळत नाही.

प्रतिसाद १ :
‘नेते’ आधी काढा. ‘राज्य सरकारचे नेते’ म्हटलं की मंत्रीच डोळ्यांपुढे येतात. ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि पुढे गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम राबवणारे आर. आर. पाटील नेते होतेच. पण आयुक्त, संचालक, समाजकल्याण अधिकारी यांना नेते म्हणत नाहीत. वक्त्यांत दोन्ही प्रकारचे लोक असतील तर ‘लोकप्रतिनिधी व वरिष्ठ अधिकारी’ असं सरळ लिहा.

प्रतिसाद २ :
‘सामुदायिक’सुद्धा नको. सामुदायिक विवाह, सामुदायिक प्रार्थना, म्हणजे अनेकांनी मिळून एकाच वेळी केलेली गोष्ट. इथे तो अर्थ नाही. ‘समाज’ घ्यावा तर आपल्याकडे तो लगेच जातीच्या नावापुढे जाऊन बसतो. ‘समुदाय’ कागदावर चालतो, तोंडी नाही. ग्रामीण महिलांच्या बचत गटांसाठीच्या उमेद अभियानातलं ‘समुदाय संसाधन व्यक्ती’ (कम्युनिटी रिसोर्स पर्सन, म्हणजे सीआरपी) हे पद गावात ‘सीआरपी ताई’ म्हणूनच ओळखलं जातं. ‘लोकसहभाग’ मात्र कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

प्रतिसाद ३ :
लोकसहभाग कळतो हे खरं, पण काय म्हणून कळतो तेही बघायला हवं. गावपातळीवर या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा श्रमदान किंवा लोकवर्गणी असा होतो. पाणीपुरवठा योजनेत गावाने आपला वाटा भरला की ‘लोकसहभाग मिळाला’ अशी नोंद होते. योजना, जागा, खर्च सगळं वर ठरलेलं असतं, लोकांनी यायचं ते घाम आणि पैसे द्यायला. एंगेजमेंटमध्ये ठरवण्याआधी विचारणं अपेक्षित आहे. त्यासाठी आपल्याकडे ‘विचारविनिमय’ हा नेमका शब्द आहे आणि मला तो मनापासून आवडतो, कारण त्यात दोन्ही बाजूंनी देणंघेणं आहे.

हा फरक किती मोठा आहे ते ग्रामसभेचं प्रोसिडिंग उघडून पाहा. वर हजेरीच्या सह्या, खाली ठराव, ‘सूचक’ आणि ‘अनुमोदक’ यांची नावं आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. कोण काय बोललं, कुणी हरकत घेतली याची ओळसुद्धा नसते. सही झाली की सहभाग झाला! नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, ही तरतूद महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात याच गोष्टीसाठी आली. भरसभेत ज्यांना बोलू दिलं जात नाही त्यांचं म्हणणं आधी नोंदलं जावं म्हणून. लोकसहभाग आणि समान संधी हे दोन वेगळे विषय नाहीत, हे तिथे स्पष्ट दिसतं. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याच्या नावातही ‘समान संधी’ आणि ‘संपूर्ण सहभाग’ एकत्रच होते.

प्रतिसाद ४ :
‘समान संधी’ हाच शब्द ठेवा. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ असं आहे, आणि अनुच्छेद १६ सरकारी नोकऱ्यांतल्या समान संधीबद्दलच आहे. फक्त क्रियापद जपून वापरा. ‘संधी देणे’ म्हटलं की देणारा मोठा होतो आणि घेणारा उपकृत. उद्देशिकेतली समानता ‘प्राप्त करून देण्याचा’ निर्धार लोकांनी स्वतःच केला आहे, कुणा अधिकाऱ्याने नाही. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, ते तिच्या मर्जीवर सोडलेलं नाही. म्हणून ‘समान संधी देणारे अधिकारी’ नको, ‘समान संधीसाठी काम करणारे’ लिहा.

जाता जाता, बार्टीचा (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेचा) ‘समतादूत’ हा शब्द मला फार चांगला वाटतो. समतेचं काम घेऊन लोकांपर्यंत जाणारा माणूस एका शब्दात उभा राहतो.

प्रश्नकर्ता :
आभार. आता असं करतो : ‘लोकसंवाद, लोकसहभाग आणि समान संधी यांसाठी काम करणारे राज्यातील लोकप्रतिनिधी व वरिष्ठ अधिकारी’. ‘विचारविनिमय’ घ्यायची इच्छा होती, पण शीर्षकात फार लांबतो.

प्रतिसाद ३ :
शीर्षकात नसला तरी चालेल. पत्रिकेत दुपारच्या सत्राला ‘प्रश्नोत्तरे’ छापणार असाल तर तिथे वापरा. आणि त्या सत्राला निदान तासभर ठेवायला आयोजकांना सांगा.