शिष्यवृत्ती मिळते, मग पगार कशाला?

अमेरिकेत कॉलेजच्या संघांतून खेळणाऱ्या पोरांना पैसे द्यावेत का, यावर "फी माफ, राहणं-खाणं फुकट, वर पैसे कशाला?" हा मुद्दा ऐकायला बरा वाटतो. पण २०१४ मध्ये कनेटिकट विद्यापीठाला बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपियर पत्रकारांना सांगत होता, की काही रात्री तो उपाशीच झोपतो. त्यानंतर लगेचच एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संघटना) जेवणाचे नियम सैल केले. म्हणजे तोवर विद्यापीठाने पोरांना किती खायला द्यायचं यालाही नियम होता!

यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याचं तर आणखी भारी. मित्राच्या मुलाच्या व्हिडिओ गेममध्ये त्याला यूसीएलएचा एक खेळाडू दिसला: टक्कल, डावखुरा, ३१ नंबरची जर्सी. हुबेहूब तोच, फक्त नाव नाही आणि मोबदलाही नाही. २००९ मध्ये त्याने थेट कोर्ट गाठलं.

आता २०२१ पासून या खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेता येतात, आणि २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर विद्यापीठं स्वतःही देऊ शकतात, पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. त्यामुळे द्यावेत की नाही हा वाद माझ्या मते संपलाय. भांडायचंच तर वाटपावर भांडा. यातला मोठा घास अमेरिकन फुटबॉलवाले नेणार. पोहणाऱ्या आणि कुस्ती खेळणाऱ्या पोरापोरींच्या ताटात काय उरणार?