‘उपयोगिता चाचणी’ की ‘वापरसुलभता चाचणी’?

प्रश्न: मराठी वेबसाइटच्या युजेबिलिटी टेस्टिंगसाठी (साइट वापरायला सोपी आहे का, हे लोकांना ती वापरायला देऊन पाहणं) अहवालात यातला कोणता शब्द घ्यावा? आणि वेबसाइट वापरून पाहायला येणाऱ्यांसमोरही तोच चालेल का?

प्रतिसाद १: ‘उपयोगिता’ नको, अर्थशास्त्रात तो ‘युटिलिटी’साठी रुळलाय. वस्तू उपयोगाची असूनही वापरायला किचकट असू शकते. अहवालात वापरसुलभता चाचणी लिहा. निमंत्रणात मात्र ‘चाचणी’ टाळाच. घटक चाचणी दिलेल्या माणसाला ती आपलीच परीक्षा वाटते आणि चुकेल या धास्तीने तो बटण दाबायला कचरतो. ‘वेबसाइट वापरून बघायला या’ पुरेसं आहे. बसल्यावर आधी सांगा, ‘तपासतोय ती वेबसाइट, तुम्हाला नाही.’

प्रतिसाद २: काम सांगतानाही शब्द जपा. बटणावर ‘सादर करा’ असताना ‘अर्ज सादर करा’ म्हणालात, तर माणूस नुसती अक्षरं जुळवतो. त्याला शब्द कळला का, ते तुम्हाला कळतच नाही. ‘हा अर्ज आता ऑफिसात पोचायला हवा’ एवढं म्हणा आणि गप्प बसा. ‘समजलं का?’ विचारलंत तर भिडेपोटी ‘हो’ येतं. त्यापेक्षा बोट बटणापाशी आलं की विचारा, ‘हे दाबल्यावर काय होईल?’ ‘जतन करा’पाशी हा प्रश्न हमखास विचारा. ‘अर्ज गेला’ असं उत्तर आलं, तर तो माणूस अर्धवट अर्ज सोडून उठणार हे पक्कं.

माणसं किती? वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नीलसन यांच्या २००० सालच्या लेखातला ५ जणांचा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो एकसारख्या वापरकर्त्यांपुरता आहे. वेगळे गट दोन असतील तर प्रत्येकातून ३-४, तीन किंवा जास्त असतील तर प्रत्येकी ३, हेही त्यांनी त्याच लेखात सांगितलंय. फोन मराठीत वापरणारे आणि घरी मराठी बोलूनही फोन इंग्रजीत ठेवणारे, हे माझ्या मते दोन गटच.

प्रतिसाद ३: टायपिंग ज्याच्या त्याच्या फोनवर, त्याच्याच कीबोर्डने करून घ्या. ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) एकच चिन्ह आहे, तर ‘अॅ’ म्हणजे अ आणि वर चंद्र अशी दोन. दिसतात सारखी, पण युनिकोडच्या प्रमाण सामान्यीकरणानेही (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या रीती एका रूपात आणणं) एक होत नाहीत. वेगळी सोय केली नसेल तर ‘ॲडमिशन’ शोधणाऱ्याला ‘अॅडमिशन’ असलेलं पान सापडत नाही. पिनकोड ‘४११०३०’ असा टाकून पाहा. वेबसाइटमागच्या जावास्क्रिप्ट या भाषेतल्या तपासणी-सूत्रात (रेग्युलर एक्स्प्रेशन) अंकासाठीची खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते, त्यामुळे बरोबर पिनकोडलाही ‘चुकीचा’ असा शेरा मिळतो.